हातावरचं नाव

शाहूपुरी, कोल्हापूर
१२ जानेवारी २०२६

प्रिय अनू,

तू बरी असशील. शनिवारी स्टेजवर छान दिसत होतीस, पण आवाज बसल्यासारखा वाटला. त्या हॉलमध्ये एसी फार होता. गरम पाणी पीत जा. इकडे सगळं ठीक आहे. आई काल सकाळच्या गडहिंग्लज गाडीनं गावी गेली. म्हशीची धार शेजारची शालूबाई तरी किती दिवस काढणार.

पत्र बघून हसू नकोस. तुझे मेसेज आता यशराज बघतो. मागं मी ‘जेवलीस का’ म्हणून विचारलं, तर ‘हाय डिअर, कोलॅबसाठी मेल करा’ असं उत्तर आलं. तुझ्या या भावाला मी तो दुसरीत होता तेव्हा पाढे शिकवले आहेत. हातानं लिहिलेलं काही वाचायचा त्याला पहिल्यापासून कंटाळा, म्हणून हे पोस्टानं पाठवते आहे.

माझं जाहिरात एजन्सीतलं काम चालू आहे. हुपरीच्या एका पैंजणवाल्यांचं अकाउंट माझ्याकडे दिलंय. रोज पैंजणावर काहीतरी नवं सुचवायचं असतं, आणि पैंजण रोज तेच असतं. शिवाय ऑफिसतर्फे मीट-अप, समिट, पॅनल असं जे काही असेल तिथं मलाच धाडतात. माझ्या खोलीतल्या खुंटीवर गळ्यात घालायच्या नावाच्या पट्ट्यांचा झुपका झालाय. सगळीकडे तेच चेहरे, तोच कोरडा ढोकळा, आणि फोन पुढं करून ‘स्कॅन करा ना मॅडम’. आपल्या पहिल्या कार्यक्रमाला एकानं मला ‘तुमचा निश काय’, म्हणजे व्हिडिओ कशावर करता, असं विचारलं होतं आणि मी ‘बी.कॉम.’ म्हणाले होते. तू पार्किंगपर्यंत हसत होतीस.

त्याच कार्यक्रमात तुझ्या पट्टीवर ‘अनुजा देसाई’ होतं आणि माझ्यावर ‘शिवानी के.’ मी विचारलं, तर तू म्हणालीस, “सुटसुटीत वाटतंय गं. ब्रँडसारखं.” मला ते आवडलंसुद्धा होतं. नावं तूच कळवली होतीस, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

इथपर्यंत लिहून पत्र संपवावं असं वाटत होतं. पण शनिवारचं तुला सांगायला हवं. स्टेजवरच्या दिव्यांत समोरची माणसं दिसत नाहीत म्हणतात. म्हणून आम्ही बसलो होतो तिथं काय झालं ते लिहिते.

आईला तूच बोलावलंस. “सरुमावशींना आण, त्यांनापण बघू दे,” म्हणालीस. तिनं ठेवणीतली इरकल नेसली. खुर्च्यांना पांढरे झगे घातलेले बघून ती बसेचना. “मळत्यात की गं,” म्हणाली. गळ्यात पाहुण्यांची पट्टी घातली, तर मला विचारते, “आता शेरडागत कुठं बांधणार हायत काय?” मागची पोरं हसली. तीही हसली. खूश होती ती, अनू. हे लक्षात ठेवून पुढचं वाच.

पॅनलचं नाव ‘मातीतून मार्केटपर्यंत: ऑथेंटिक कंटेंटची ताकद’. मी वही उघडून बसले होते, नेहमीप्रमाणे. माझा या गोष्टींवर खरोखर विश्वास आहे हे तुला माहीत आहे. गावातल्या बाईला कुणी पेपरात छापत नाही, टीव्हीवर बोलवत नाही, पण फोन तिच्याही घरात आहे, म्हणून तिचं काम आता जगाला दिसेल, असं मी एजन्सीच्या मुलाखतीत बोलले होते. तिथले साहेब गालात हसले होते. मला त्यांचा राग आला होता.

मग पडद्यावर आपलं ‘परसातली चूल’ हे पेज लागलं. पाट्यावर वाटण वाटतानाचा तो व्हिडिओ. आईचे हात भिंतीएवढे झाले. वरवंटा मागं गेला की मनगटाच्या वर, आतल्या बाजूला गोंदलेलं ‘भाऊसो’ दिसायचं, पुढं आला की झाकायचं. आईनं मला कोपर मारलं. “दिसलं न्हवं? नाव दिसलं न्हवं?”

तुला ठाऊक आहे, आईनं बाबांचं नाव कधी तोंडानं घेतलेलं नाही. ते होते तेव्हाही नाही आणि गेल्यावरही नाही. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, बाबा शिरोलीच्या फौंड्रीतून रजेवर यायचे तेव्हा स्टँडवर चौकशीच्या खिडकीत, कुणी नवऱ्याचं नाव विचारलं की ती बाही सारून हात पुढं करते. “हाय की हितं, वाचा.” माझ्या शाळेच्या दाखल्यावरचं नावसुद्धा गुरुजींनी तिच्या हातावरून उतरवून घेतलंय. काळभैरीच्या जत्रेत बाबांनी हट्टानं गोंदवलं होतं. ही सगळी गोष्ट तिनं तुला शूटिंगच्या दिवशी सांगितली. तू तिला दोनदा सांगायला लावलीस.

पॅनल चालवणाऱ्या त्या पुण्याच्या मोना मॅडमनी विचारलं, “हे हात तर आता स्टार आहेत. पण हातावरचे भाऊसो कोण?”

तू केस मागं घेतलेस आणि म्हणालीस, “माझे आजोबा. आजीनं लग्नानंतर जत्रेत गोंदवून घेतलं होतं.”

जत्रेचं तेवढं खरं होतं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईनंही वाजवल्या. सगळे वाजवतायत, अनू बोलतेय, म्हणून वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “व्हय गं, अनूच्या आज्याचं नाव आकाराम न्हवं?” तिला खरंच वाटलं होतं की तू गडबडीत चुकलीस. तुला कुणीतरी खूण करावी म्हणून ती इकडंतिकडं बघत होती.

तेवढ्यात ते मसाला कंपनीचे साहेब उठले. पाकिटावर हाच हात, हेच गोंदण, आणि नाव ‘भाऊसो मसाला, आजीच्या हातचा’. पंचवीस तारखेला याच हॉलमध्ये पाकीट सगळ्यांसमोर आणणार. पुन्हा टाळ्या. या वेळी आईनं वाजवल्या नाहीत. हात पदराखाली घेतला. थंडी वाजत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. एसी फार होता.

नंतर ते नेटवर्किंग लंच. तू लोकांत होतीस. आम्ही ताटं घेऊन तुझ्या आईजवळ उभ्या होतो. त्या मोना मॅडम येऊन अंबूकाकींना म्हणाल्या, “तुमची मजा आहे हो. असं चुलीवरचं रोज मिळतं तुम्हाला.” आणि काकी भाबडेपणानं बोलून गेल्या, “छे ओ. ते परसातलं. आमचं घरातलं येगळं असतंय की.”

मोना मॅडमना काही कळलं नाही. त्या सेल्फी काढून गेल्या. काकी आईकडं बघून म्हणाल्या, “सरू, भात घे की गं.” आणि आई म्हणाली, “घेतो की वैनी.”

अनू, परसात उजेड चांगला येतो म्हणून आपण तिथं चूल मांडली होती ना? मी तर पेजचं नावही त्यावरून ठेवलं. तुझ्या घरात गॅस आहे, ओटा आहे, दक्षिणेची मोठी खिडकी आहे. तरी प्रत्येक वेळी आई परसदारानं आली, परसात रांधून, परसातच भांडी घासून गेली. शूटिंग झालं की काकी सगळं डब्यात भरून द्यायच्या. “घेऊन जा सरू, पोरीला हुईल.” मला वाटायचं, किती मोठं मन. तुझ्या घरातल्या कुणी त्यातला घास खाल्लेला मला आठवत नाही. तू खाल्लास. परसात उभं राहून, माझ्याच ताटात. मग तिथल्याच नळावर हात धुऊन आत जायचीस. ताट कधी आत गेलं नाही.

काल स्टँडवर गाडीची वाट बघताना मी आईला विचारलं, तुला हे माहीत होतं का. ती म्हणाली, “न कळायला काय झालं? तुला न्हवतं ठावं? एवढी शिकलीस.” मग का जात होतीस, विचारलं तर गाड्यांच्या पाट्या बघायला लागली. मग म्हणाली, “तेंचं नाव फिरत हुतं की गं गावोगाव. हात वळवून वळवून दावत हुतो मी.”

आठवतं, तू तिला किती वेळा ओरडलीस? “मावशी, हात सरळ धरा, हलवू नका.”

मला भांडायचं नाही. बाबा गेले तेव्हा माझी बारावी होती. तू तेराव्या-चौदाव्याचा हिशेब न करता रोज येऊन माझ्याबरोबर बसलीस, वाचून दाखवलंस. मी पास झाले त्यात तू आहेस. म्हणून एकच मागते. पंचवीस तारखेच्या आत पेजवर एक व्हिडिओ टाक आणि सांग की हे हात सरुबाई कांबळे यांचे आहेत आणि भाऊसो हे त्यांचे पती. कंपनीलाही तेच कळव. चूक झाली म्हण, घाबरून बोलून गेले म्हण. मी सोबत बसेन. एडिटिंगही मीच करून देईन.

काकींना नमस्कार.

तुझी,
शिवानी


गडहिंग्लज तालुका, आपलं गाव
२० जानेवारी २०२६

अनुजा,

तुझा व्हॉइस मेसेज पोचला. पत्राला उत्तर म्हणून तू बोललीस, आणि बोलताना मागं गाडीचा इंडिकेटर वाजत होता. म्हणजे कुठल्या तरी कार्यक्रमाला जाता जाता बोललीस. असो. मी तो इतक्या वेळा ऐकलाय की कुठं श्वास घेतलास तेही पाठ आहे.

तू म्हणालीस, “शिवानी, मी असलं काही मानत नाही, तुला माहितेय. पण हा मसाला आहे. लोकांनी घरात न्यायचाय.”

हे वाक्य तू एकदा कागदावर लिहून बघ. मी बघितलंय लिहून. तू मानत नाहीस. काकी म्हणतील, मी कुठं मानते, सासूबाई मानायच्या, म्हणून पडलेली पद्धत. कंपनीचे साहेब म्हणतील, आम्ही नाही, गिऱ्हाईक मानतं. आणि गिऱ्हाईक तर तो व्हिडिओ बघून लाळ गाळत होतं, ‘आजींच्या हाताला देवाचा स्पर्श’ म्हणून कमेंट करत होतं. मानणारा माणूस कुठंच सापडत नाही. तरी माझ्या आईचं नाव मात्र कुठंच बसत नाही. असं कसं होतं ते मला समजावून सांग. तू पॅनलवर बसतेस.

आणि तिला आजी केलंस ते? आई अजून पन्नाशीची नाही. तुझ्या आईपेक्षा लहान आहे. लोकांच्या शेतात भांगलून आणि तुमच्या परसातली भांडी घासून तिचे हात तसे झालेत. तू ते हात घेतलेस, त्यांना तुझं घर दिलंस, तुझा आजोबा दिलास, आणि बाई तेवढी बाहेर ठेवलीस. आई विचारत होती, “मी तिची आजी कवा झालो गं?” मी हसले नाही. ती हसली.

तू म्हणालीस, मावशींचा वाटा देऊ, त्यांनी मागितलं नाही तरी देऊ. आईनं हे ऐकून म्हशीपुढं वैरण टाकली आणि एवढंच म्हणाली, “वाटणी भावकीत असतीया. ती कुठं भावकी मानतीया.”

हे सगळं मी गिळलंही असतं, अनुजा. तुझ्यासाठी मी आधीही बरंच गिळलंय आणि त्याला मैत्री म्हटलंय. पण पुढं तू म्हणालीस, “तुला नावाचाच त्रास होत असेल तर कंपनी मसाल्याचं नाव बदलेल. हातावरचं पुसता येईल फोटोत. तुलाच येतं की एडिटिंग, तूच कर. तुझ्या मनासारखं होईल.”

माझ्या मनासारखं.

म्हणजे माझ्या बापाचं नाव आईच्या हातावरून मी पुसायचं. घरातली पहिली पदवीधर मी. बाबा फौंड्रीतून आल्यावर भाजलेल्या बोटांना तेल लावत बसायचे आणि म्हणायचे, पोरीनं खुर्चीवर बसून काम करायचं. मी बसले खुर्चीवर. तिथं बसून हे काम करायचं, असं तू सुचवतेस. मला वाटलं होतं तुझ्याकडून चूक झाली. पॅनलवर घाबरून बोललीस. आता तर तू गाडीत बसून, कुणी माइक धरलेला नसताना, सुचलं तसं बोललीस. ही चूक नव्हे. मला तुझा इतका राग आलाय की सकाळपासून मी अंगण दोनदा झाडलं.

तो मेसेज मी आईला ऐकवणार नव्हते. ती भाकरी थापत होती आणि मी दारात बसून ऐकत होते, आवाज लहान करून. तिचे कान तुला माहीत आहेत.

“काय पुसतीया म्हणली?”

मी सांगितलं.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. हात आडवा करून स्वतःच बघितला, जसा काही दुसऱ्याचा आहे. मग म्हणाली, “पंचवीसला कुठं हाय म्हणलीस ते? त्याच हाटेलात?”

“हो.”

“तितं शेवटी माणसं उभारून विचारत हुती. माईक देत्यात न्हवं कुणालाबी?”

“देतात. प्रश्नोत्तरं असतात शेवटी.”

“काय म्हणायचं असतंय माईकात?”

मी म्हटलं, आधी आपलं नाव सांगायचं. मग जे सांगायचं ते. तू तुझं नाव सांग, आणि हात दाखव, मी वाचते.

“तू कशाला वाचतीस?” ती म्हणाली. “हात कुणीबी घेतला की. नुसता हात दावून आता भागत न्हाय.”

मग तिनं चुलीतली लाकडं सारली. आणि तोंड जाळाकडं ठेवूनच म्हणाली, “भाऊसो.”

हा शब्द मी हजार जणांकडून ऐकलाय. तिच्या आवाजात पहिल्यांदा ऐकला. फार हळू होता. म्हणाल्यावर तिनं पटकन दाराकडं बघितलं, कुणी ऐकलं की काय. मग पदर तोंडाला लावून हसली, आणि हसता हसता डोळे पुसले, आणि पुन्हा म्हणाली, मोठ्यानं. “भाऊसो. भाऊसो पिराजी कांबळे. माझा मालक.”

काल धार काढतानाही म्हणत होती. म्हैस मान वळवून बघायला लागली, तर तिला म्हणाली, “तुला न्हाय गं.”

तेव्हा आता तुझा व्हिडिओ नको, आणि कंपनीला पत्र मी आजच धाडलंय. आईचा पूर्ण चेहरा असलेली सगळी रेकॉर्डिंग माझ्याकडे आहेत, मीच काढलेली. पेजचा पासवर्ड मी बदललेला नाही आणि तुझं काही पुसलेलं नाही. पुसण्यातलं मला काही करायचं नाही, एवढं तुला कळलं असेल. पाकीट तुम्हाला काढायचं असेल तर काढा, पण त्याच दिवशी, त्याच हॉलमध्ये, त्या हातांची बाई समोर बसलेली असेल.

आई डबा घेऊन येणार आहे. मी नको म्हटलं. तिथं बाहेरचं नेऊ देत नाहीत म्हटलं. तर म्हणाली, “अंबूवैनीला म्हण, आता परस न्हाय तितं. एकाच टेबलाला बसाय लागंल.” ती हे रागानं म्हणाली की खरंच बोलावणं करतेय, ते मला अजून कळलेलं नाही. तुम्ही मायलेकी ठरवा.

आयोजकांना आमची दोघींची नावं कळवली आहेत. या वेळी पट्टीवर पूर्ण छापा म्हणून सांगितलंय.

शेवटी प्रश्न विचारायला सांगतील तेव्हा मी हात वर करणार नाही. आई करणार आहे. दिव्यांमुळं चेहरे दिसले नाहीत तरी चालेल. हात तुझ्या ओळखीचा आहे.

शिवानी भाऊसो कांबळे